नव्वद किलोंचा प्रवासी

“ताकद दीडपट झाली पाहिजे,” समोरचे गृहस्थ म्हणाले, “आणि किक आत्ता आहे त्याहून हलकी.”

मी हातातला पाना खाली ठेवला. इंजिनाची ताकद वाढवली की किक जड होते, हे गडहिंग्लजच्या बसस्टँडवरचा कुठलाही मेकॅनिक सांगेल. या दोन मागण्या एकत्र करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

“अजून काही?” मी विचारलं.

“गिअरचं आणि ब्रेकचं पेडल दोन-दोन इंच जवळ घ्यायचं. आणि साईडकारमध्ये नव्वद किलोंचं माणूस बसलेलं असताना गाडीनं घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला पाहिजे. पहिला टाकावा लागता कामा नये.”

हे गुरुपाद हत्तरगी. आजऱ्याला राहायचे, हायस्कुलात भूगोल शिकवून रिटायर झालेले. सहा फूट उंच, भरदार अंगाचे, पांढरेशुभ्र कपडे. त्यांच्या पायांना पेडलं जवळ कशाला हवी होती, ते कळेना. बुलेट अडुसष्ट सालची, डाव्या अंगाला साईडकार. गाडी त्यांनी टेंपोत घालून आणली होती. मी किक मारली तर तिसऱ्या किकला चालू झाली. चालती गाडी टेंपोतून का, असं विचारलं, तर म्हणाले, वाटेत पाऊस लागला असता. श्रावणातलं ते ऊन डोक्यात घुसत होतं.

“साईडकारमध्ये काकू बसणार का?”

“घरचंच माणूस आहे,” ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. इंजिन नवंकोरं करून देतो, पण कंपनीनं दिलंय तेवढ्याच ताकदीचं. ताकद वाढवायचं काम मी करत नाही. पंचक्रोशीत हे सगळ्यांना माहीत होतं. का करत नाही, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं.

त्याच्या नऊ वर्षं आधी मी कोल्हापुरात होतो, आणि मी दुसरं काहीच करत नव्हतो. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या, त्यांची इंजिनं मी बांधायचो. माझी इंजिनं चालवायचा रंगराव इंगवले. माझा जोडीदारच तो, एका ताटात जेवणारा. त्या वर्षी मी त्याच्यासाठी एक इंजिन बांधलं आणि तिसऱ्या फेरीत पिस्टन सिलिंडरमध्ये धरला. गच्च अडकला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि रंगराव गाडीवरून उडाला. पाय तीन ठिकाणी मोडला. मी दवाखान्यात गेलो. वॉर्डाच्या दारातून त्याचा दोरीला टांगलेला पाय दिसला, आणि तिथूनच मी मागं फिरलो. त्या आठवड्यात गडहिंग्लजला आलो. पुन्हा त्याच्यासमोर गेलो नाही.

हे सगळं मी सरांना कशाला सांगू? मी नाही म्हणालो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं पुन्हा आले. सोबत डबा. गाडी दुरुस्तीला टाकून बसलेल्या लोकांना दिवसभर घटप्रभा कुठं उगम पावते, हिरण्यकेशी तिला कुठं मिळते, ते सांगत बसले. लोक ऐकत होते. दुपारी त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यासमोर सरकवली. कामाचा विषय नाही. तिसऱ्या दिवशी तेच. त्या दिवशी निघताना मात्र त्यांनी विचारलं,

“इलाहीभाई, एक सांगा. तुम्हाला जमत नाही, की करायचं नाही?”

“जमतं,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन.

त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. हातानं काढलेला नकाशा होता, महाबळेश्वरपासून पार आंध्रात समुद्राकाठच्या हंसलदीवीपर्यंत. कृष्णा नदी, निळ्या शाईनं, प्रत्येक वळण काढलेलं. तीरावरच्या गावांना मुक्कामाचे आकडे टाकलेले. अडतीस मुक्काम.

ते म्हणाले, “चौतीस वर्षं ही नदी फळ्यावर काढली. प्रत्यक्षात बघितली ती सांगलीला आणि नरसोबाच्या वाडीला. बाकी सगळी खडूची. आम्ही दोघं या गाडीवर हंपीला गेलोय, बदामीला, रामेश्वरला गेलोय. ही तेवढी राहिली. आता गाडी ओझं घेऊन महाबळेश्वरच्या वाटेवरचा पसरणीचा घाट चढत नाही. दिवाळीच्या आत द्या. त्यापुढं थांबायला मला सवड नाही.”

सवड का नाही, ते मी विचारलं नाही. नकाशा माझ्याकडेच ठेवून ते गेले.

मी इंजिन उघडलं. उघडल्यावर मात्र माझे हात माझं ऐकेनात. डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं. किक हलकी ठेवायची तर दाब वाढवून चालणार नाही. मग सिलिंडरच मोठा करायचा, मोठा पिस्टन घालायचा आणि खाली जाड पट्टी टाकून दाब उलट थोडा कमी करायचा. व्हॉल्व्ह मोठे, हवा आत यायची वाट घासून रुंद, त्यावर मोठा कार्बोरेटर. सावकाश चालणारं पण दमदार इंजिन झालं असतं. दोन दिवसांत मी सगळं कागदावर मांडलं. नऊ वर्षांत इतका आनंद झाला नव्हता, हे मला त्या कागदाकडे बघताना कळलं आणि थोडी भीती वाटली.

राहिलं बोअरिंग, म्हणजे मशीनवर आतून कोरून माप वाढवणं. मोठा सिलिंडर बसवायचा तर इंजिनाचं खालचं तोंडही रुंद करावं लागणार होतं, आणि पिस्टन नि सिलिंडर यांच्यातली फट केसाहून बारीक मापानं राखावी लागणार होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीन दुकानं फिरलो. तिघांनीही कागद बघितला आणि तिघांनीही एकच नाव सांगितलं. हे काम इंगवल्यांकडे न्या, म्हणाले.

मी चहाच्या गाड्यावर तासभर बसलो. मग गेलो.

रंगराव मशीनवर वाकला होता. केस पांढरे झाले होते. वळला तेव्हा डावा पाय जरा ओढल्यासारखा टाकला. माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि माझ्या हातातला कागद घेतला. आधी कागद वाचला, पूर्ण.

“फट किती ठेवायची म्हणतोस?”

“चार थाऊ,” मी म्हणालो. म्हणजे इंचाचे चार हजारांश.

“पाच ठेवू. म्हातारी गाडी आहे, घाटात तापणार.” मग त्यानं स्टूल पुढं सरकवला. “बस. नऊ वर्षं कुठं होतास?”

मी काय बोलायचं ते एसटीत पाठ करून आलो होतो. त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो की त्या वेळी फट मीच कमी ठेवली होती. जास्त ताकद मिळावी म्हणून.

“ठाऊक आहे मला,” रंगराव म्हणाला. “दवाखान्यात पडून मी तो पिस्टन किती वेळा मोजला असेल. चूक तुझीच होती, इलाह्या. त्याबद्दल मी कधीच काही बोललो नसतो. पण तू भेटायला आला नाहीस, त्याचा राग आहे. तो अजून आहे.”

“आलो होतो. दारातून परत गेलो.”

“चपला तुझ्याच होत्या म्हणजे,” तो म्हणाला. “माझी आई म्हणायची, दारात कुणीतरी चपला सोडून पळालंय. अनवाणीच गेलास?”

मी अनवाणीच गेलो होतो. ते मी पार विसरलो होतो. आधी रंगराव हसायला लागला, मग मी, आणि शेजारच्या दुकानातले लोक डोकावून बघायला लागले. आई वर्षभर त्या चपला वापरत होती, असं त्यानं सांगितलं.

सिलिंडर त्यानं आठ दिवसांत करून दिला. त्या पायानंतर शर्यतीत उतरणं थांबलं म्हणून तो या धंद्यात आला होता, आणि फट राखण्यात त्याच्या हाताला तोड नाही, हे आरशासारखा सिलिंडर बघूनच कळत होतं. सिलिंडरची पेटी माझ्या हातात देताना म्हणाला, घाटाची चाचणी असेल तेव्हा सांग, मी येणार.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मी बुलेट घेऊन आजऱ्याला निघालो. मागून रंगराव स्कूटरवर. इंजिन असं चाललं होतं की मी दोनदा विनाकारण गाडी थांबवून पुन्हा किक मारली. एका किकमध्ये चालू, आणि पायाला काही कळतही नव्हतं.

सर अंगणात तयार होते. आतून एक बाई आल्या. जेमतेम पाच फूट उंची, काटकुळ्या, साठीच्या. पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात हेल्मेट. सरांनी ओळख करून दिली, ही गिरिजा. सगळे गिरिजाक्का म्हणतात. मी नमस्कार केला आणि त्यांच्या मागं दाराकडे बघत राहिलो, नव्वद किलोंचं माणूस यायचं होतं म्हणून.

तेवढ्यात सर साईडकारपाशी गेले. कडेला हातानं चाचपडत त्यांनी पाय आत टाकला आणि बसले. साईडकार खाली दबली. गिरिजाक्का पुढं झाल्या, टाकीवर हात ठेवला आणि सीटवर बसून पेडलांना पाय पोचतात का ते बघायला लागल्या. पोचत होते.

“सर, हे काय?” मी विचारलं.

“गाडी ती चालवणार आहे,” सर म्हणाले. “मला काचबिंदू आहे, इलाहीभाई. कडेचं सगळं गेलंय, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, तेही वर्ष-सहा महिने. नदी तेवढ्यात बघून घ्यायची आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“आंधळ्या मास्तराला बसवून साठीची बाई गाडी चालवणार, असं सांगितलं असतं तर तुम्ही काम घेतलं असतं?”

नसतं घेतलं. इतके दिवस माझ्या डोक्यात एक धट्टाकट्टा मास्तर गाडी चालवत होता. आता त्याच्या जागी ही बाई, आणि खाली मी बांधलेलं इंजिन. मी म्हणालो की गाडी परत नेतो, जुना सिलिंडर बसवून देतो, तुम्ही एसटीनं जा. रंगरावाकडे बघितलं, तो काहीतरी बोलेल म्हणून. तो स्कूटरला टेकून उभा होता.

“आता चपला घालून पळ,” तो म्हणाला.

गिरिजाक्कांनी हेल्मेटचा पट्टा लावला. “मी सव्वीस वर्षं सरकारी नर्स होते,” त्या म्हणाल्या. “या डोंगरात वाडीवाडीवर जाऊन बाळंतपणं केली, ल्यूना चालवत. पहिल्या वेळी माझेही हात कापत होते. पण समोरची बाई अडलेली असताना मी घरी जाऊ का? गाडी तुमच्याकडे यायच्या आधी दोन महिने शाळेच्या मैदानावर शिकलेय मी ती. तुम्ही मागून या फक्त. काही वाटलं तर हॉर्न द्या.”

आणि त्यांनी किक मारली.

आंबोलीपर्यंत सपाटीला काहीच अडचण आली नाही. मी रंगरावाच्या मागं बसलो होतो. घाट त्या सावकाश उतरल्या, दाणोलीला चहा घेतला आणि गाडी वळवली. आता चढ. पहिल्या मोठ्या वळणावर मी मनात म्हणत होतो, आता पहिला टाकतील, आता टाकतील. त्यांनी टाकला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी भरल्या बैलगाडीसारखी ठाम वर चालली होती. साईडकारमधून सरांचा हात बाहेर आला होता, दरीकडे बोट दाखवत होता. बायकोला काहीतरी सांगत असावेत.

अर्ध्या चढावर अचानक गिरिजाक्कांनी ॲक्सिलरेटर सोडला, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. आम्ही धावत गेलो.

“काय झालं?”

“आवाज पातळ झाला,” त्या म्हणाल्या.

मला काही ऐकू आलं नव्हतं. रंगरावालाही नाही. मी खाली बसलो. इंजिनाची आच तोंडाला लागत होती, नेहमीपेक्षा जास्त. कार्बोरेटरला हात लावला तर तो हलला. मोठ्या कार्बोरेटरसाठी मी रबरी गळा बसवला होता, त्याची एक क्लिप सैल होऊन फटीतून बाहेरची हवा आत जात होती. हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन भलतंच तापतं, आणि तसंच दोन-तीन किलोमीटर दामटलं असतं तर पिस्टन धरला असता. क्लिपचा स्क्रू मीच आवळला होता. कमी आवळला होता.

मी ते तसंच सगळ्यांना सांगितलं. माझी चूक आहे, स्क्रू मी नीट आवळला नाही.

रंगरावानं स्कूटरच्या डिकीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यापुढं धरला.

“मग आता आवळ,” तो म्हणाला.

मी आवळला. वरून तारेचा वेढा मारून गाठ घातली. इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास आम्ही कठड्यावर बसलो. मी गिरिजाक्कांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या की खेड्यात यंत्रं नव्हती, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे, तेवढ्यावर सगळं ठरवायचं. ठोका बदलला की आधी कानाला कळतं, कारण नंतर शोधायचं. सर म्हणाले, “म्हणून तर घरात मला खोटं बोलता येत नाही.” त्यावर अक्का म्हणाल्या, डोळ्यांचं आठ महिने लपवलं होतं की.

पुन्हा किक मारायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, मी चालवतो वरपर्यंत. अक्कांनी मान हलवली. रंगरावानं माझ्या खांद्याला धरून मला स्कूटरकडे वळवलं.

त्या वर गेल्या. पूर्ण घाट, दुसऱ्या गिअरमध्ये. धबधब्यापाशी उभे असलेले लोक वळून बघत होते. नव्वद किलोंचा मास्तर शेजारी बसवून एक मूठभर बाई बुलेट चालवत होती आणि तिच्या मागून स्कूटरवर दोन बाप्ये, त्यातला मागचा रडत होता. रंगराव म्हणाला, माझ्या शर्टाला नाक पुसू नकोस.

चार दिवसांनी ते महाबळेश्वरला निघाले. दर पाच-सहा दिवसांनी अक्कांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात वर गावाचं नाव, खाली किलोमीटर, आणि मग इंजिनाची प्रकृती, केसपेपरवर लिहावी तशी. “कुरुंदवाड. आवाज चांगला. तेल थोडं कमी झालं होतं, घातलं.” “आलमट्टी. किक उत्तम. यांना सर्दी.” मी कार्डं वाचून कोल्हापूरला फोन करायचो. रंगराव पलीकडून म्हणायचा, मला माहीत आहे, मलाही आलंय.

हंसलदीवीहून मात्र फोन आला. गॅरेजशेजारच्या बूथवाल्यानं हाक मारली. लाईनवर सर होते. वाऱ्याचा मोठा आवाज येत होता. म्हणाले की नदी इथं फार रुंद आहे, माझ्या नळीत मावत नाही. मग हिनं मला थोडं थोडं वळवून सगळी दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अर्धा तास लागला.

“नकाशात थोडी चुकली होती माझी,” ते म्हणाले. “शेवटचं वळण मी उजवीकडे दाखवत होतो. चौतीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं.”

हे सांगताना ते फार खूश होते.

डिसेंबरात ते परतले. दोन हजारांवर किलोमीटर झाले होते. गाडी सरळ माझ्या गॅरेजात आली. अक्कांनी सांगितलं, काही तक्रार नाही, पण एकदा उघडून बघा. रंगराव मुद्दाम कोल्हापूरहून आला होता. मी सिलिंडर उचलला, पिस्टन काढला, पुसला आणि उजेडात धरला. कुठंही ओरखडा नव्हता. रंगरावानं त्यावर अंगठा फिरवला, सगळीकडून, दोनदा. मग त्यानं तो गिरिजाक्कांच्या हातात दिला.

त्यांनी तो नुकतं जन्मलेलं बाळ घ्यावं तसा दोन्ही तळहातांवर घेतला, जरा खालीवर केला.

“वजन चांगलं आहे,” त्या म्हणाल्या.